उंची उतरवलेल्या मोटारीसाठी शॉक अ‍ॅब्सॉर्बर निवडताना

मोटारीची उंची तीस-चाळीस मिलिमीटरने उतरवली की चाक आणि मडगार्ड यांच्यामधील पोकळी मिटते आणि गाडी रेखीव दिसू लागते. म्हापसा, मडगाव, फोंडा, वास्को या शहरांत अशा गाड्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. बहुतेक ठिकाणी आखूड स्प्रिंग बसवल्या की काम पूर्ण झाले असे मानले जाते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर जुनेच राहतात. मग पावसाळा सरेपर्यंत त्यांतून तेल झिरपू लागते, गाडी प्रत्येक खड्ड्यावर ठणकते आणि दोष स्प्रिंगवर किंवा रस्त्यावर टाकला जातो. रस्त्याचा वाटा त्यात असतोच, पण मूळ चूक बहुधा निवडीची असते.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर हे नावच थोडे फसवे आहे. धक्का झेलण्याचे काम स्प्रिंग करते. गाडीचा भारही तीच उचलते. शॉकचे काम स्प्रिंगचे हेलकावे शमवण्याचे आहे. नळीतील तेल बारीक झडपांतून रेटले जाते, त्यात हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते आणि ती हवेत निघून जाते. ब्रिटिश अभियंते या भागाला 'डँपर' म्हणतात, ते अधिक नेमके आहे. शॉक बदलून गाडीची उंची बदलत नाही आणि नुसती स्प्रिंग बदलून गाडी स्थिर होत नाही, एवढे ध्यानात घेतले की गॅरेजमधील निम्मे गैरसमज आपोआप गळून पडतात.

स्प्रिंग कडक झाली की काय घडते

उंची उतरवणारी स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा आखूड असते आणि म्हणून ती अधिक कडकही बनवावी लागते. हे 'म्हणून' समजून घेण्यासारखे आहे. समजा, मूळ अवस्थेत चाकाला वर सरकण्यासाठी रबरी ठोकळ्यापर्यंत, म्हणजे बंप स्टॉपपर्यंत, ७५ मिलिमीटर वाव आहे. गाडी ३५ मिलिमीटरने उतरवली तर ४० मिलिमीटरच उरतात. स्प्रिंग साठवू शकते ती ऊर्जा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे पूर्वी ७५ मिलिमीटरमध्ये जिरणारा धक्का ४० मिलिमीटरमध्ये जिरवायचा तर स्प्रिंग साडेतीन पट कडक हवी. इतकी कडक स्प्रिंग रोजच्या गाडीत कोणी बसवत नाही. बाजारात मिळणाऱ्या स्प्रिंग साधारण वीस ते चाळीस टक्क्यांनी कडक असतात. उरलेला सगळा भार बंप स्टॉप आणि शॉक यांच्यावर येतो. उतरवलेल्या गाडीत शॉकची निवड मूळ गाडीपेक्षा महत्त्वाची ठरते ती याच कारणाने.

आता शमनाचा हिशेब. एका चाकावर २५० किलो वजन आणि चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला २० न्यूटन धरला, तर गाडीचा तो कोपरा सेकंदाला सुमारे १.४ वेळा हेलकावतो. स्प्रिंग तीस टक्क्यांनी कडक केली की हा आकडा १.६ च्या वर जातो. हेलकावा पूर्ण थोपवण्यास लागणारे शमन कडकपणाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, म्हणजे येथे चौदा टक्क्यांनी. रोजच्या वापराच्या मोटारींत या कमाल शमनाच्या पंचवीस ते पस्तीस टक्के शमन ठेवतात. त्याहून कमी झाले तर गाडी डुलते, फार वाढले तर ती दगडासारखी वागते. नवा, निकोप मूळ शॉक तीस टक्क्यांवर असेल तर कडक स्प्रिंगबरोबर तो सव्वीसवर येतो. तेवढे खपून जाते.

अडचण अशी की स्प्रिंग बसवली जाते तेव्हा शॉक नवे नसतात. पन्नास-साठ हजार किलोमीटर चाललेल्या शॉकची झडपे सैल पडलेली असतात, तेल पातळ झालेले असते. आधीच खालावलेल्या शमनात आणखी घट होते आणि गाडी कडक असूनही उसळत राहते. कडक आणि तरी डुलणारी, हे या चुकीचे ओळखचिन्ह. अशा गाडीचे चाक खडबडीत रस्त्यावर क्षणोक्षणी हलके होते. ब्रेक दाबल्यावर टायरची पकड तुटत-जुळत राहते आणि थांबण्याचे अंतर वाढते. ओल्या रस्त्यावर हा फरक जिवावर बेतू शकतो.

लांबीचा प्रश्न आधी, कडकपणाचा नंतर

दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो 'सॉफ्ट हवा की हार्ड' असा. त्याआधी लांबीचा प्रश्न सुटायला हवा. मूळ लांबीचा शॉक उतरवलेल्या गाडीत बसवला की त्याचा दांडा कायम ३०-३५ मिलिमीटर आत गेलेला राहतो. मूळ बंप स्टॉप तसाच ठेवला तर गाडी जवळजवळ त्याच्यावरच टेकून चालते. जो 'कडकपणा' जाणवतो तो पुष्कळदा स्प्रिंगचा नसून या रबराचा असतो. उलट, बंप स्टॉप हवा तसा कापून टाकला तर मोठ्या खड्ड्यात पिस्टन नळीच्या तळच्या झडपेवर आदळतो. असा एक आघात शॉक निकामी करण्यास पुरेसा असतो. स्प्रिंग बनवणाऱ्याने बंप स्टॉप किती कापावा हे सांगितले असेल तर तेवढाच कापावा. सांगितले नसेल तर कात्री लावू नये.

दुसरी बाजू चाक खाली लोंबण्याची. जॅकवर गाडी उचलली की शॉक पूर्ण उघडतो. शॉक लांब आणि स्प्रिंग आखूड असेल तर या अवस्थेत स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल पडते, हाताने फिरवता येते. रस्त्यावर एखादे चाक खोल खड्ड्यावरून गेले की हेच क्षणभर घडते आणि परतताना स्प्रिंग वाकडी बसू शकते. 'टक्' असा एकच आवाज आणि मग शांतता, ही तक्रार घेऊन आलेल्या गाडीत प्रथम हेच पाहावे.

या दोन्ही अडचणींवर उपाय एकच, तो म्हणजे मुळातच आखूड बनवलेला शॉक. मोठे उत्पादक तो वेगळा ओळखता येईल असा विकतात. जर्मन कंपनी बिलस्टीनची बी-६ मालिका मूळ उंचीच्या गाडीसाठी आहे आणि बी-८ मालिका उतरवलेल्या गाडीसाठी आखूड केलेली आहे. दोन्हींचा रंग पिवळा असल्याने ग्राहकाची फसगत होते. पेटीवरचा क्रमांक पाहणे हाच खात्रीचा मार्ग. डच कंपनी कोनीच्या पिवळ्या शॉकमध्ये दांडा बाहेर येतानाचे शमन फिरवून कमी-जास्त करता येते. स्प्रिंग थोडी झिजली किंवा बदलली तरी त्याची जुळणी पुन्हा साधता येते, हा त्याचा लाभ. भारतीय गाड्यांसाठी हे सर्व भाग सहज मिळत नाहीत. जे मिळतात ते पुष्कळदा परदेशातील त्याच नावाच्या गाडीसाठी बनलेले असतात, आणि जपानमध्ये विकली जाणारी स्विफ्ट भारतीय स्विफ्टइतकी उंच नसते. तेव्हा पेटीवर छापलेली 'उतार ३० मिलिमीटर' ही संख्या येथे जशीच्या तशी लागू होईल असे धरून चालू नये. जुन्या आणि नव्या शॉकची पूर्ण उघडलेली व पूर्ण मिटलेली लांबी शेजारी ठेवून मोजावी.

साधारण १५ ते २० मिलिमीटर उतार असेल तर मूळ लांबीचा, पण नवा आणि किंचित कडक शॉक चालून जातो. पंचवीस ओलांडले की आखूड शॉकला पर्याय नाही. चाळीसच्या पुढे जाण्याचा विचार गोव्याच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीने न केलेला बरा.

एक नळी की दोन

मूळ गाडीत बहुधा दोन नळ्यांचा शॉक असतो. आतल्या नळीत पिस्टन चालतो, बाहेरच्या नळीत जादा तेल आणि वर कमी दाबाचा नायट्रोजन वायू असतो. तो स्वस्त आणि मऊ चालणारा असून बाहेरून दगड लागून नळी चेपली तरी आतली नळी शाबूत राहते. मात्र सतत वेगाने हलत राहिल्यास तेल तापते, त्यात फेस धरतो आणि शमन ढासळते. एकनळी शॉकमध्ये तेल आणि वायू यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो. वायूचा दाब हवेच्या दाबाच्या वीस-तीस पट ठेवलेला असल्याने फेस धरत नाही, आणि नळीला थेट वारा लागत असल्याने उष्णताही लवकर निघून जाते. ही रचना फ्रेंच अभियंता क्रिस्तियाँ ब्युर्सिए द कार्बाँ यांची. १९५७ मध्ये बिलस्टीनने ती मर्सिडीज-बेन्झच्या मोटारींसाठी नियमित उत्पादनात आणली.

उतरवलेल्या गाडीचे शॉक थोड्या अंतरात अधिक वेळा हलतात. त्यामुळे चोर्ला किंवा अनमोड घाटातून नेहमी जा-ये करणाऱ्याने एकनळीकडे वळावे. पणजी-पर्वरी असा मुख्यतः शहरी वापर असेल तर चांगल्या प्रतीचा दोन नळ्यांचा आखूड शॉक पुरतो, आणि बारीक खडबड तो अधिक सौम्यपणे गिळतो. एकनळी म्हणजे सरसकट श्रेष्ठ, हा प्रचार दुकानदाराच्या सोयीचा आहे.

कडकपणा कोणत्या दिशेचा

शॉक दोन दिशांना काम करतो. चाक वर येताना दांडा आत जातो, चाक खाली जाताना बाहेर येतो. बाहेर येतानाचे शमन आत जातानापेक्षा दुप्पट-तिप्पट ठेवण्याची रीत आहे, कारण दाबलेल्या स्प्रिंगने साठवलेली ऊर्जा तेव्हाच सुटत असते. कडक स्प्रिंग लावल्यावर वाढवायचे ते मुख्यतः हेच शमन. आत जातानाचे शमन वाढवले तर खड्ड्याचा प्रत्येक आघात थेट आसनापर्यंत पोहोचतो.

पण तेही बेताने. बाहेर येताना शॉक फार कडक असेल तर पहिल्या उंचवट्यातून चाक पुरते खाली येण्याआधीच दुसरा उंचवटा लागतो. महामार्गावर ओळीने आखलेल्या जाड पांढऱ्या पट्ट्यांवरून किंवा खाणपट्ट्यातील ट्रकांनी लाटांसारख्या केलेल्या रस्त्यावरून जाताना अशी गाडी पायरीपायरीने खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर टेकते. उंची आधीच कमी. त्यात ही भर. फिरवता येणारे शॉक सर्वात कडक टोकावर नेऊन ठेवणाऱ्यांना हा अनुभव लवकर येतो. अशा शॉकची सुरुवात मऊ टोकाकडून करावी आणि गाडी एका उसळीत स्थिरावू लागली की तेथेच थांबावे.

आणखी एक भेद दांड्याच्या वेगाचा. वळणावर झुकणे, ब्रेकवर नाक टेकणे या हालचाली संथ असतात. खड्ड्याचा आघात त्यांच्या कित्येक पट वेगवान. चांगल्या शॉकच्या झडपा संथ हालचालीला ठामपणे अडवतात आणि वेगवान आघाताला वाट देतात. हा गुण हाताने दाबून पाहून कळत नाही, जाहिरातीतून तर नाहीच. तो ज्याच्या गाडीत तेच स्प्रिंग आणि तेच शॉक आहेत त्याच्या शेजारी बसून वीस मिनिटे फिरल्यावर कळतो.

कॉइलओव्हर आणि खारा वारा

स्प्रिंग व शॉक एकत्र असलेला, आट्यांवर उंची फिरवता येणारा कॉइलओव्हर संच अनेकांना आकर्षक वाटतो. त्यातही दोन जाती आहेत. स्वस्त संचात फक्त स्प्रिंगची बैठक खाली-वर होते, म्हणजे उंची उतरवताना चाकाचा वाव कमी होतोच. महाग संचात शॉकची नळी खालच्या कंसात फिरवून उंची बदलते, आणि शॉकच्या आतला वाव अबाधित राहतो. मग मर्यादा येते ती टायर मडगार्डला लागण्याची. गोव्यात या संचांचा खरा शत्रू समुद्रकाठची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. आट्यांत लाल माती आणि क्षार साचले की दोन पावसाळ्यांत कडी जाम होते आणि 'उंची बदलता येणारा' संच कायमचा एकाच उंचीचा होऊन बसतो. स्टेनलेस स्टीलची नळी नसेल तर दर पावसाळ्याआधी आटे ब्रशने साफ करून त्यांवर गंजरोधक मेण लावावे लागते. एवढी उस्तवार ज्याला जमणार नाही त्याने ठरलेल्या उंचीची स्प्रिंग आणि आखूड शॉक यांवर समाधान मानावे.

गतिरोधक आणि फेरीबोट

इंडियन रोड काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा गोलाकार असावा. २०१८ च्या स्विफ्टची जमिनीपासूनची उंची १६३ मिलिमीटर आणि दोन चाकांमधील अंतर २.४५ मीटर. भूमितीने पाहिले तर मानकाप्रमाणे बांधलेला गतिरोधक दोन चाकांच्या मध्ये जेमतेम ४४ मिलिमीटर वर येतो. ३५ ने उतरवलेली, म्हणजे १२८ मिलिमीटर उंचीची स्विफ्ट तो सहज ओलांडेल. प्रत्यक्षात वाड्यावाड्यांतून डांबराची जी अरुंद, उभी वरंबी घातलेली असतात ती दोन चाकांच्या मध्ये पुरती सामावतात. तेथे १० सेंटिमीटरचा उंचवटा म्हणजे पोट आणि डांबर यांच्यामध्ये २८ मिलिमीटर. मागे दोघे बसलेले आणि डिकीत सामान असेल तर तेवढेही उरत नाहीत. पुढची चाके उतरताना नाक किती खोल बुडते, हे येथे शॉक ठरवतो.

दिवाडी किंवा चोडणला जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. भरती-ओहोटीबरोबर फेरीबोटीच्या फळीचा उतार बदलतो आणि उतरवलेल्या गाडीचा पुढचा बंपर प्रथम तेथे घासतो. या प्रश्नावर कोणताही शॉक उपाय नाही. नाकाची लांबी आणि उंची हीच खरी अडचण.

बसवताना होणाऱ्या चुका

सर्वात वाईट प्रघात मूळ स्प्रिंग कापण्याचा. सहा वेढ्यांतील एक कापला की स्प्रिंग वीस टक्के कडक होते, इथपर्यंत गणित सरळ आहे. पण कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि कापण्यासाठी गॅसची ज्योत वापरली असेल तर पोलादाचे पाणीही उतरते. अशा स्प्रिंगखाली कितीही उत्तम शॉक लावला तरी पैसे वाया जातात.

शॉक नेहमी पुढचे दोन किंवा मागचे दोन असे जोडीने बदलावेत. त्यांच्याबरोबर वरचा माउंट, त्याचे बेअरिंग, धूळ अडवणारे रबरी आवरण आणि बंप स्टॉपही नवे घ्यावेत. वरचा नट घट्ट करताना चमकदार दांडा पकडीने धरणारे कारागीर अजून आढळतात. त्या एका ओरखड्यावर ऑइल सील घासते आणि नवा शॉक काही महिन्यांत गळू लागतो. दांड्याच्या टोकाला पाना लावण्यासाठी खाच असते, तीच वापरायची. रबरी बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना अखेरचे आवळावेत. जॅकवर आवळले तर नव्या उंचीवर बुश कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

मॅकफर्सन पद्धतीच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये गाडी उतरली की खालचा आर्म आडव्या रेषेच्या वर झुकतो, टायरचे कोन बदलतात आणि वळणावर गाडी उलट अधिक कलंडू शकते. शॉक हा दोष झाकतो, दूर करत नाही. म्हणून काम झाल्यावर शे-दोनशे किलोमीटर चालवून, स्प्रिंग बसल्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. हेडलाइटचा झोतही पुन्हा जुळवावा लागतो.

शॉक खरोखर जुळला का, हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. दांडा उघडा दिसत असेल तर त्याला प्लास्टिकचा केबल टाय सैलसर बांधून नळीला टेकवून ठेवावा आणि नेहमीच्या रस्त्यांवर आठवडाभर गाडी चालवावी. टाय सरकून बंप स्टॉपपर्यंत एखाद-दुसऱ्यांदाच पोहोचत असेल तर ठीक. रोज पोहोचत असेल तर उतार अधिक झाला आहे किंवा शॉक कमी पडतो आहे.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे नियमबाह्य बदलासाठी वाहनमालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. झिजलेल्या शॉकच्या जागी त्याच प्रकारचा नवा शॉक बसवणे ही देखभाल होय. गाडी उतरवणे ही तशी देखभाल नव्हे. नोंदणी प्रमाणपत्रावर जमिनीपासूनची उंची छापलेली नसते, एवढ्यावरून बदलाला मोकळीक आहे असा अर्थ काढता येत नाही. अपघातानंतर सर्वेक्षक गाडीखाली डोकावतो तेव्हा रंगीत स्प्रिंग त्याच्या नजरेतून सुटत नाहीत, आणि विमा कंपनीला बदल आधी कळवलेला नसेल तर दाव्यावर वाद उभा राहू शकतो. स्प्रिंग आणि शॉक यांची खरेदी करण्याआधी विमा कंपनीकडून लेखी उत्तर आणि वाहतूक खात्याच्या स्थानिक कार्यालयाकडून खुलासा मागून घ्यावा. मूळ स्प्रिंग आणि शॉकही भंगारात न देता जपून ठेवावेत.